गोड बोलून गिटार तपासत नाहीत

रविवारी दुपारी सगळे इतक्या सभ्यपणे जेवायला बसले होते, की एखाद्या पाहुण्याला वाटावं, घरात कुणीतरी आजारी आहे.

"धाकट्या, मीठ हवं का तुला?" आबांनी विचारलं. आबांचा आवाज म्हणजे रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा, खोल आणि घुमणारा. पण आज त्या आवाजावरही कुणीतरी रजई टाकली होती.

"आधी तू घे, दादा," समोरून काका म्हणाले.

"छे छे, तू घे ना."

"तू मोठा आहेस."

"म्हणून तर म्हणतोय, तू घे."

मिठाची वाटी दोघा भावांच्या मध्ये ताटकळत राहिली आणि शेवटी कुणीच मीठ घेतलं नाही. बटाट्याचा रस्सा अळणी झाला होता, तो अळणीच राहिला. दोघंही "छान झालाय, छान झालाय" म्हणत तो गिळत राहिले.

सुतारीण ओठ चावून भिंतीकडे बघायला लागली. आबांची ही एकुलती एक लेक. बँकेतली सरळसोट नोकरी सोडून तिनं रंधा हातात घेतला, तेव्हा आबांनीच चिडून तिला हे नाव ठेवलं होतं. पुढे चिडणं ओसरलं, नाव तेवढं चिकटलं, आणि आता तर कुणी खऱ्या नावानं हाक मारली की ती मागे वळून बघायची, दुसरं कोण आलंय म्हणून.

टेबलाच्या वर, भिंतीत, दोन जाडजूड लाकडी खुंट्या होत्या. इतकी वर्षं त्यांच्यावर टोप्या, पिशव्या आणि एकदा तर चक्क तुटकी छत्री लटकत होती. या आठवड्यात मात्र डावीकडे गिटार होती आणि उजवीकडे बॅन्जो. गिटार सुतारिणीच्या हातची, जन्मातली पहिली. बॅन्जो काकांच्या हातचा, कितीतरी वर्षांनी केलेला, वाटोळा, ताणलेल्या कातड्याचा, पौर्णिमेच्या चंद्रासारखा पांढराफेक.

घराचा नियम आजोबांनी घालून दिलेला होता, म्हणजे आबांच्या आणि काकांच्या वडिलांनी. नवं वाद्य तारा चढवून जेवणाच्या टेबलावर टांगायचं आणि आठवडाभर घरच्यांनी त्याच्याखाली बसून जेवायचं, बोलायचं. माणसाच्या आवाजानं तारा थरथरतात, लाकूड थरथरतं. पोटातली एखादी पट्टी सरसातून केसभर जरी सुटली असेल, तरी कुणाच्या ना कुणाच्या आवाजावर वाद्य झर्रकन कुरकुरतं. कुरकुरलं, की खाली उतरवून उघडायचं. नाही कुरकुरलं, तर त्याच्या माथ्यावर शिंपल्यातून कापलेला पक्षी बसवायचा. पक्षी बसला, की वाद्य जगात जायला मोकळं. दुकानांतून लोक 'पक्षीछाप आहे का?' असं विचारायचे ते त्यामुळे. गिटारीवरच्या पक्ष्याची चोच उजवीकडे, बॅन्जोवरच्याची डावीकडे. शेजारी शेजारी टांगली, की दोन्ही पक्षी एकमेकांकडे टक लावून बघायचे.

पक्षीछाप बंद पडली ती या दोघा भावांच्या भांडणात, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. काका एक दिवस ताटावरून उठून, दार आपटून वेगळे राहायला गेले. त्यानंतर गेलेली गिटारींची मोठी खेप बाजारातून कुरकुरत परत आली. नाव मातीत गेलं. दोघांनी खापर एकमेकांच्या डोक्यावर फोडलं आणि तोंडं फिरवली ती फिरवलीच.

त्यांना पुन्हा एका टेबलाशी आणायला सुतारीण आणि तिचा चुलतभाऊ वर्षभर झटले होते. चुलतभाऊ, म्हणजे काकांचा मुलगा, छापखाना चालवायचा. छापखानेवाल्याला प्रत्येक गोष्ट चौकटीत बसवायची सवय, त्यामुळे त्यानं घराला तहच घालून दिला होता. जुना विषय काढायचा नाही. आवाज चढवायचा नाही. 'ती खेप' असं तर चुकूनही म्हणायचं नाही. आणि त्याच्या मुलीनं, जिला अख्खं घर भोंगा म्हणायचं आणि जिनं शाळेच्या मैदानावर मैत्रिणीला हाक मारली की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उत्तर द्यायची, तिनं तर जेवताना फक्त कुजबुजायचं.

"आत्या," भोंगा कुजबुजली, "मला बटाटा दे ना."

"मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही."

"नको. बाबा डोळे वटारतात."

काका आणि आबा आता शेवटच्या पावासाठी एकमेकांना आग्रह करत होते. 'तू घे', 'तू घे' असं करत पाव ताटातून ताटात चारदा फिरला, पाचव्यांदा हातातून निसटून रश्शात पडला, आणि आबा अतिशय गंभीरपणे म्हणाले, "आता त्यानंच ठरवलं."

भोंग्याला हसू फुटलं. दाबलेलं हसू ते! किटलीच्या तोटीतून वाफ सुटावी तसं वर वर चढत गेलं, "हीऽऽऽ!"

झर्र.

इवलासा आवाज. काचेवर माशी आपटावी एवढासा.

"काय वाजलं?" आबा म्हणाले.

"चमचा," छापखानेवाल्यानं लगेच सांगितलं आणि लेकीकडे असं बघितलं की तिनं अख्खा बटाटा तोंडात कोंबला.

सुतारिणीनं मात्र भिंतीकडे बघितलं. चमचा असा वाजत नाही. पण मग काय वाजलं? गिटार? तिनं ती गिटार टकटक करून, कान लावून, प्रत्येक तार दांडीवरच्या प्रत्येक घरावर वाजवून तपासली होती. आठवडाभर ती गुणी बाळासारखी टांगलेली होती. संध्याकाळी गायिका येणार होती. तिच्या आईची जुनी पक्षीछाप गिटार मोडली होती, म्हणून नव्या पक्षीछापची पहिली गिटार तिला स्वतःसाठी हवी होती आणि बॅन्जो बहिणीसाठी. छापखानेवाल्यानं दारावर लावायची पाटीसुद्धा छापून तयार ठेवली होती. आणि तो आवाज ओळखला तरी कुणी? एकट्या सुतारिणीनं. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं?

"बरं," आबांनी हात पुसले आणि मान वर करून भिंतीकडे बघितलं. "आठवडा झाला. हूं की चूं नाही. काय रे धाकट्या?"

"तू म्हणशील तसं, दादा."

"सुतारणे, जा. पक्षी आण."

या शब्दांची ती किती वर्षं वाट बघत होती! आणि आता ते आले, तर तिला उठावंसंच वाटेना.

खालच्या मजल्यावर, कामाच्या खोलीत, दोन्ही पक्षी एका काडेपेटीत कापसावर निजले होते. तिनं पेटी उचलली. भिंतीवर पटाश्या, कानशी, रंधे ओळीनं लावलेले. उंच स्टुलावर आजोबांची जागा. तिला आजोबा दिसले, जेवणाच्या टेबलाशी बसलेले, सरसानं पिवळी झालेली बोटं. आणि ती स्वतः, पाच-सहा वर्षांची, टेबलाखाली लपलेली.

काय गोंधळ असायचा तेव्हा! जेवण म्हणजे कुस्तीचा आखाडा. आणि लावालावी करायचे ते आजोबाच. शांतपणे घास चावत म्हणायचे, "थोरला म्हणत होता, धाकट्याच्या बॅन्जोची मान यंदा वाकडी बसली." झालं! इकडून पिंप घुमायचं, तिकडून काकांची शिट्टी किंचाळायची. तिला लहानपणी वाटायचं, आजोबा भारी खोडकर आहेत.

पण ते मुलांकडे बघतच नसायचे! आज, काडेपेटी हातात धरून, तिला ते पहिल्यांदा लख्ख आठवलं. दोन्ही मुलं एकमेकांवर ओरडत असताना आजोबांची नजर असायची भिंतीवर.

अगं बाई! म्हणजे भांडण हीच तपासणी होती. मुद्दाम ओरडायला सांगितलं तर माणूस एकाच सुरात बोंबलतो. भांडणात मात्र आवाज सगळे जिने चढतो, सगळे उतरतो, एकही पायरी सोडत नाही. आणि हे लोक आठवडाभर काय करत होते? मीठ घे, पाव घे! असल्या बोलण्यावर फुटका डबासुद्धा वाजला नसता. सगळ्यांनी मिळून, किती प्रेमानं, किती काळजीनं, गिटारीला काहीही विचारलंच नव्हतं.

ती जिन्यावर थांबली. वर दोन म्हातारे इतक्या वर्षांनी एका टेबलाशी बसले होते. आता काडी टाकली आणि काका पुन्हा ताटावरून उठून गेले तर? मग ना गिटार, ना बॅन्जो, ना पक्षी. आणि नाही टाकली तर पक्षी बसेल, गिटार जाईल, आणि एक दिवस, कुणाच्या तरी गाण्याच्या ऐन मध्यावर, झर्र.

ती वर आली. काडेपेटी टेबलावर ठेवली. पण उघडली नाही.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही बॅन्जोला काय म्हणायचात हो पूर्वी? ताट ना? तारा लावलेलं ताट?"

टेबलाखालून चुलतभावाची लाथ तिच्या नडगीवर बसली. "ताई, काकडी घे."

काकांचा घास हवेतच थांबला. "अजून म्हणतो का तो तसं?"

"मी? मी कशाला म्हणू?" आबा गडबडले. "काहीतरीच हिचं."

"आणि काका गिटारीला काय म्हणायचे माहितीय? पोट सुटलेली मावशी."

"ताई!" छापखानेवाला जवळजवळ रडकुंडीला आला. "तुला झालंय तरी काय?"

"पोट सुटलेली?" आबांच्या मानेची शीर फुगली. "माझ्या गिटारीला?"

"तोंडावर कधी नाही म्हणालो," काका म्हणाले.

"म्हणजे पाठीमागे म्हणालास!"

"आणि तू ताट म्हणालास ते काय कौतुकानं?"

"ताटच आहे ते! वाजवलं की शेजारी जेवायला येतात!"

"आणि तुझी वाजवली की झोपायला जातात!"

भोंग्यानं तोंडावर दोन्ही हात दाबले. सुतारिणीनं डोळे भिंतीवर लावले. आबांच्या घुमण्याखाली बॅन्जोच्या तारा मंद गुणगुणत होत्या, स्वच्छ. गिटार गप्प.

"निदान माझी ताटं बाजारातून परत तरी आली नाहीत!" काका म्हणाले.

झालं. तहाचा कागद टराटरा फाटला. छापखानेवाल्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं.

आबा खुर्ची मागे सारून उभे राहिले. "परत आली, कारण तू नव्हतास."

"मला हाकललं कुणी?"

"कुणी हाकललं? दार आपटून तू गेलास! कशावरून, तर सूचिपत्रात बॅन्जो शेवटच्या पानावर छापले म्हणून!"

"शेवटच्या पानावर! बापाच्या कारखान्यात मला शेवटच्या पानावर टाकलंस!"

"अरे गाढवा, शेवटचं पान लोक सगळ्यात आधी उघडतात!"

"मग सांगायचं नाही तसं?"

"सांगायला तू थांबलास कुठे?" आबांचा आवाज फाटला, आणि मग खाली, तळाला गेला. "तू गेलास आणि या टेबलाशी मी एकटा बसलो. एकटा माणूस कुणाशी भांडणार? माझा आवाज हा असा. वरचं सगळं तुझं होतं. त्या गिटारी माझ्यासमोर गप्प बसल्या, मी पक्षी लावले. तू असतास तर पहिल्याच दिवशी कुरकुरल्या असत्या."

"मग बोलवायचं होतंस!" काकाही उभे राहिले. त्यांचा आवाज वर चढत चढत पातळ झाला, ताणलेल्या तारेसारखा. "कोपऱ्यावर तर राहत होतो! रोज जेवायच्या वेळी धुतलेला सदरा घालून बसायचो मी, म्हटलं आता येईल बोलावणं! एकदा बोलवायचं होतंस, दादाऽऽ!"

झर्रर्रर्र.

या वेळी सगळ्यांनी ऐकलं. चमचा म्हणायची सोयच नव्हती. आवाज भिंतीवरून आला होता आणि काका थांबल्यावरही क्षणभर हवेत राहिला.

काका तसेच तोंड उघडं ठेवून उभे. आबांनी हळूच मान वळवली.

"कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी," सुतारीण म्हणाली. "मघाशी भोंगा हसली तेव्हाही वाजली होती. मी बोलले नाही."

"अगं, पण चमचा..." छापखानेवाल्यानं शेवटचा प्रयत्न केला.

"बाबा, चमचा माझ्या हातात आहे," भोंगा म्हणाली, आणि मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "आणि आता मी कुजबुजणाऽऽर नाही!"

झर्र, असं गिटारीनं अनुमोदन दिलं.

आबा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग पिंप घुमायला लागलं. "पोरीचा आवाज तुझ्यावर गेलाय रे," ते भावाला म्हणाले. "उतरव गं ती."

ताटं बाजूला सरली. मधोमध टॉवेल पसरून त्याच्यावर गिटार निजवली. आबांनी तळहात तिच्या पोटावर ठेवला, वैद्य ठेवतो तसा, आणि डोळे मिटले.

"ओरड," ते म्हणाले.

"काय ओरडू?"

"मघाचंच. वरचं."

काका गिटारीच्या तोंडाशी वाकले. "शेवटच्या पाऽऽनावर!"

झर्र.

"जरा खाली उतर."

"पाऽऽन..."

"हां, एवढंच धर. सोडू नकोस." आबांचा तळहात सरकला. तारा टेकतात त्या घोडीच्या डाव्या अंगाला येऊन थांबला. एका बोटानं त्यांनी तिथं दाबलं, आणि काका ओरडत असतानाच झर्र बंद झालं. बोट उचललं, सुरू. दाबलं, बंद. "ही. तिरकी पट्टी."

सुतारिणीला लगेच आठवलं. पट्ट्या दाबून धरायचे शिकंजे कमी पडले होते, म्हणून त्या पट्टीचा शिकंजा तिनं सरस पुरता वाळायच्या आतच काढून दुसरीला लावला होता. आपल्याच शहाणपणाचा तिला असा राग आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"रडतेस काय?" आबा म्हणाले. "माझ्या पहिल्या गिटारीच्या दोन पट्ट्या सुटल्या होत्या."

"तीन," काका म्हणाले. "ओरडलो मी होतो. मला विचार."

"दोन!"

"तीन! तिसरीच्या वेळी तू जेवण टाकून अंगणात गेला होतास!"

छापखानेवाला बिचारा खुर्चीत कोसळला होता. "आता संध्याकाळी गायिकेला काय सांगायचं? पाटी छापून ठेवलीय हो मी." मग त्याला एक आशेचा किरण दिसला. "निदान बॅन्जो तरी! तो नाही ना कुरकुरला? इतक्या आरडाओरड्यात हूं नाही केलं त्यानं. त्याचा पक्षी बसवू या, आजच देऊन टाकू."

काकांची छाती गजभर फुगली. "माझं ताट कसं कुरकुरेल?" त्यांनी आबांकडे बघितलं, पुरता आनंद लुटत बघितलं. मग बॅन्जोकडे बघितलं. शेजारची खुंटी रिकामी होती. छाती हळूहळू जागेवर आली.

"नको," ते म्हणाले.

"का हो बाबा?"

"माझा पक्षी डावीकडे बघतो. तिथं आज कोण आहे? दादाची गिटार झाली की दोन्ही एकदम बसवा."

"माझी गिटार," सुतारीण नाक पुसत म्हणाली.

"तुझी. तुझ्या बापाची. मावशीची. आता गप बस."

आबांनी मिठाची वाटी उचलली आणि न विचारता भावाच्या ताटात चिमूटभर टाकलं.

त्यांना कुणालाच बेल ऐकू आली नव्हती. संध्याकाळ व्हायच्या आधीच गायिका आली होती. उतावळी झाली असणार. शेवटी दार ढकलून ती आत आली आणि उंबऱ्याशीच उभी राहिली, खांद्याला रिकामी पिशवी, गिटारीच्या आकाराची. समोर पाच माणसं एका गिटारीवर वाकलेली, सगळी एकाच वेळी बोलत होती.

"मी नंतर येऊ का?" तिनं विचारलं.

छापखानेवाला ताडकन उठला. पण त्याच्या आधी सुतारीण पुढे झाली. "तुमची गिटार आज मिळणार नाही," ती म्हणाली. "माझी चूक आहे. एक पट्टी सुटलीय. उघडावी लागेल, पुन्हा चिकटवावी लागेल, आणि परत आठवडाभर भिंतीवर टांगावी लागेल."

गायिकेचा चेहरा उतरला. पिशवीचा पट्टा ती उगीच चाचपत राहिली. "वाजवून बघितली होती ना तुम्ही?"

"वाजवण्यानं नाही कळलं. भांडण्यानं कळलं."

"भांडण्यानं?"

"बसा तुम्ही," आबा म्हणाले. "सांगतो. तुमचा आवाज किती वर जातो?"

"मी गाते, आजोबा. बराच जातो."

"गाण्याचा उपयोग नाही. गाताना माणूस सांभाळून चढतो. भांडता येतं का तुम्हाला?"

गायिकेनं आबांकडे बघितलं, मग काकांकडे, मग भिंतीवरच्या एकट्या बॅन्जोकडे. ही थट्टा आहे की काय, हे तिला ठरवता येईना. पण भोंगा इतक्या आशेनं तिच्याकडे बघत होती, की ती विचारात पडली.

"एकटीला नाही जमायचं," ती सावकाश म्हणाली. "पण माझ्या बहिणीला बोलावलंत तर... आईची गिटार मोडली कशी, माहितीय तुम्हाला? ती बसली त्याच्यावर! बसली! आणि आजपर्यंत कबूल करत नाही. म्हणते, आधीच तडा गेला होता!"

शेवटच्या शब्दावर तिचा आवाज असा काही वर गेला, की टेबलावर निजलेली गिटार झोपेत कुशीवर वळावी तशी कुरकुरली.

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं.

"बोलवा तिला," दोघंही एकदमच म्हणाले.

सुतारिणीनं काडेपेटी उचलून खिशात टाकली. मग टेबलाशी एक खुर्ची ओढली, आणि जरा विचार करून, त्या खुर्चीच्या बरोबर समोर, दुसरी.